घरगुती फोटो स्टुडिओ : दिवे किती घ्यावेत, यापेक्षा दिवा कोणता घ्यावा?

हातोहाती मोबाईल आल्यापासून गल्लीतल्या फोटो स्टुडिओचे बरेचसे काम कमी झाले, हे सांगायला नको. पासपोर्टसाठीचा फोटोही आता पासपोर्ट सेवा केंद्रातच काढला जातो. असे असूनही घरातल्या एका खोलीत छोटा स्टुडिओ थाटून चार पैसे मिळविण्याचा विचार करणारे तरुण आपल्या आसपास पुष्कळ आहेत, आणि तो विचार चुकीचा नाही. स्थळासाठी पाठवायचा फोटो, व्हिसाचा फोटो, बाळाचा पहिला फोटो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा भिंतीवर लावण्याजोगा फोटो, आखाती देशातून सुट्टीवर आलेला मुलगा परत जाण्याआधी सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो, ही कामे आजही आहेत. मात्र त्यासाठी गिऱ्हाईक पैसे केव्हा देईल? त्याच्या मोबाईलवर घरी निघाला नसता असा फोटो तुम्ही काढून दिलात तरच!

कॅमेरा आज गिऱ्हाइकाच्या खिशातही आहे. त्याच्या घरात नाही तो प्रकाश. म्हणजे घरगुती स्टुडिओचा खरा माल प्रकाश हाच होय. आणि नेमकी याच मालाची खरेदी करताना नवशिक्या माणूस फसतो. दुकानात गेल्यावर त्याच्यापुढे तीन दिव्यांचा 'संपूर्ण संच' ठेवला जातो. तीन दिवे, तीन छत्र्या, तीन स्टँड पाहून डोळे दिपतात. हातची पुंजी त्यात जाते, उरलेल्या रकमेचे हप्ते सुरू होतात आणि घरी आल्यावर कळते की दहा बाय बाराच्या खोलीत तीन स्टँड उभे केले तर गिऱ्हाइकाला बसायला जागा राहत नाही. म्हणून या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे : सुरुवातीला एकच दिवा घ्या, पण तो चांगला घ्या आणि त्याच्यापुढे लावायचा सॉफ्टबॉक्स मोठा घ्या. बाकीचे दिवे धंद्याने कमावून आणावेत.

आधी खोली मोजा

दिवा घेण्यापूर्वी हातात टेप घेऊन खोली मोजावी. बारा फूट लांबीचा हिशोब असा : मागच्या पडद्यापासून गिऱ्हाइकाचे स्टूल चार फूट पुढे, स्टुलापासून कॅमेरा सहा फुटांवर, आणि कॅमेऱ्याच्या मागे तुम्हाला उभे राहायला दोन फूट. झाले बारा फूट पुरे. कॅमेरा याहून फार जवळ आणला तर नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात. मोबाईलने जवळून काढलेला चेहरा विचित्र दिसतो त्याचे कारण हेच. एपीएस-सी सेन्सरच्या साध्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची लेन्स लावली की सहा फुटांवरून चेहरा व खांदे व्यवस्थित बसतात.

त्यानंतर भिंती पाहाव्यात. आपल्याकडे घराच्या भिंती हिरव्या, गुलाबी किंवा आकाशी रंगाच्या असतात. दिव्याचा प्रकाश त्या भिंतीवर आपटून परत येताना भिंतीचा रंग बरोबर घेऊन येतो आणि तो थेट गालावर पडतो. मग संगणकावर कितीही दुरुस्ती केली तरी चेहऱ्याची एक बाजू हिरवट राहते. दिव्यावर हजारो रुपये घालण्यापूर्वी खोलीला पांढऱ्या डिस्टेंपरचा हात मारणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खरेदी आहे. छतही पांढरेच असावे. छताचा पंखा कोठे आहे तेही बघून ठेवा, कारण स्टँड उंच केल्यावर छत्री पंख्याच्या पात्यात जाऊ शकते.

खिडकीकडून शिका

विजेचे दिवे येण्यापूर्वी फोटोग्राफर काय करीत? जुन्या स्टुडिओंना काचेचे छप्पर किंवा मोठी काचेची खिडकी असे, आणि युरोपात ती शक्यतो उत्तरेकडे ठेवीत, म्हणजे थेट ऊन आत येत नसे. पुढे टंगस्टनचे मोठे तापणारे दिवे आले. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२८ साली सुरू झालेला हॅमिल्टन स्टुडिओ अशाच दिव्यांच्या प्रकाशातील व्यक्तिचित्रांसाठी नावाजला. १९३० च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचे तंत्र विकसित केले आणि हळूहळू स्टुडिओत तापणाऱ्या दिव्यांची जागा फ्लॅशने घेतली. साधने बदलली, पण मोठ्या खिडकीतून येणाऱ्या मऊ प्रकाशाची नक्कल करणे हे काम तेच राहिले.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी आठवडाभर खिडकीपाशी काम करून पाहावे. घरातल्या कोणाला तरी खिडकीच्या बाजूला बसवा, खोलीतले दिवे बंद करा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा सनबोर्ड धरा. सनबोर्ड जवळ आणला की सावली फिकी होते, लांब नेला की गडद होते. हे ज्याच्या डोळ्यांना दिसू लागले, त्याला दुकानदार सहजासहजी फसवू शकत नाही.

मऊ प्रकाश कशाने येतो?

पुष्कळांचा समज असा की जास्त वॅटचा दिवा म्हणजे चांगला प्रकाश. तसे नाही. सावलीची कड मऊ की कठोर हे दिव्याच्या ताकदीवर नव्हे, तर चेहऱ्याच्या मानाने प्रकाशाचा पृष्ठभाग किती मोठा आणि किती जवळ आहे यावर ठरते. सूर्य प्रचंड आहे, पण आपल्यापासून इतका दूर की तो आकाशात ठिपक्याएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली कठोर. ढग आले की सारे आकाशच दिवा बनते आणि सावली मऊ होते. उघडा फ्लॅश म्हणजे सूर्य आणि सॉफ्टबॉक्स म्हणजे ढग, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

खांद्यापर्यंतच्या फोटोसाठी ९० सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे तीन फुटांचा, सॉफ्टबॉक्स घरगुती खोलीत उत्तम. तो चेहऱ्यापासून साधारण तीन फुटांवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा दीड-दोन फूट वर आणि थोडा बाजूला ठेवावा. स्टुलावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतात. त्यामुळे सॉफ्टबॉक्सचा मध्य साडेपाच ते सहा फुटांवर येतो आणि त्याची वरची कड पंख्याच्या खाली राहते. पाच फुटांचा सॉफ्टबॉक्स दुकानात भारी वाटतो, पण नऊ फुटांच्या छताखाली तो वागवणे कठीण.

छत्री स्वस्त असते आणि कुटुंबाच्या फोटोला ती सोयीची, कारण तिचा प्रकाश दूरवर पसरतो. पण लहान खोलीत हाच तिचा दोष ठरतो. प्रकाश चारी भिंतींवर जातो आणि परत येऊन चेहऱ्यावरची सावली पुसून टाकतो. चेहरा सपाट दिसतो. म्हणून पहिली खरेदी सॉफ्टबॉक्सची करावी आणि छत्री नंतर घ्यावी.

फ्लॅश की एलईडी?

हा प्रश्न हल्ली प्रत्येकजण विचारतो. एलईडी दिवा सतत पेटलेला असतो, त्यामुळे प्रकाश कसा पडतो ते डोळ्यांना आधीच दिसते. शिकणाऱ्याला ही सोय मोठी आहे. फ्लॅश मात्र क्षणभर चमकतो. पण ताकदीचा हिशोब नीट समजून घेतला पाहिजे, कारण डब्यावरचे दोन्ही आकडे 'वॅट' सारखेच दिसतात आणि गोंधळ होतो.

फ्लॅशची ताकद वॅट-सेकंदात, म्हणजेच ज्यूलमध्ये असते. २०० वॅट-सेकंदाचा फ्लॅश आपली सगळी २०० ज्यूल ऊर्जा एका चमकेत बाहेर टाकतो. उलट ६० वॅटचा एलईडी सेकंदाला ६० ज्यूल खातो. शटर १/१२५ सेकंदच उघडे असेल तर त्या फोटोच्या वाट्याला ६० भागिले १२५, म्हणजे अर्धा ज्यूलही येत नाही. तेवढ्याच विजेत एलईडी अधिक प्रकाश देतो हे खरे, पण ते धरूनही फरक शंभरपटीच्या पुढे राहतो. त्याचा परिणाम काय? एलईडीवर काम करताना आयएसओ वाढवावे लागते, ॲपर्चर मोठे उघडावे लागते आणि मूल जरा हलले की फोटो हलतो. फ्लॅशची चमक इतकी छोटी असते की हलते मूलही स्पष्ट येते.

तेव्हा निवड गिऱ्हाईक पाहून करावी. लहान मुले, कुटुंबे आणि व्हिसाचे फोटो हे मुख्य काम असेल तर २०० वॅट-सेकंदाचा स्टुडिओ फ्लॅश घ्यावा. लहान खोलीत याहून मोठ्या ताकदीची गरज सहसा पडत नाही. उलट फार मोठा फ्लॅश कमीत कमी ताकदीवर ठेवूनही प्रकाश जास्तच होतो. ज्याला फोटोबरोबर मोबाईलसाठी व्हिडिओची कामेही करायची आहेत, त्याने एलईडी घ्यावा, कारण व्हिडिओला फ्लॅश निरुपयोगी. कॅमेऱ्यावर बसणारा लहान फ्लॅश आधीपासून घरात असेल तर त्यालाच स्टँडवर सॉफ्टबॉक्समध्ये बसवून सुरुवात करता येते. त्याची ताकद कमी असली तरी तीन फुटांवरच्या चेहऱ्याला ती पुरते.

एलईडी घेताना रंगाकडे लक्ष द्यावे. डब्यावर सीआरआय हा आकडा लिहिलेला असतो. तो ९५ किंवा त्याहून अधिक असावा. घरगुती एलईडी दिव्यांचा बहुधा ८० च्या आसपास असतो, आणि अशा प्रकाशात लाल छटा मरते व चेहरा आजारी दिसतो. दुसरी तपासणी लुकलुकण्याची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हलक्या प्रतीचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण फोटोत आडवे पट्टे उमटतात. दुकानातच मोबाईलच्या स्लो मोशनवर दिव्याचे चित्रण करून पाहा, दोष लगेच दिसेल.

आणखी एक खबरदारी : फ्लॅशचा प्रकाश दिवसाच्या उजेडासारखा, सुमारे ५५०० केल्व्हिनचा असतो, तर घरातला पिवळा बल्ब २७०० केल्व्हिनच्या आसपास. दोन्ही एकत्र लागले तर चेहरा एका बाजूने पिवळा, दुसऱ्या बाजूने पांढरा येतो. काम सुरू असताना खोलीतले इतर दिवे बंदच ठेवावेत.

पांढरा पडदा करडा का येतो?

व्हिसाच्या फोटोत ही तक्रार नेहमीची. पडदा दुधासारखा पांढरा, पण फोटोत राखाडी. कारण सोपे आहे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा नव्हे, चौथाई होतो, असा ढोबळ नियम आहे. दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणि पडदा चेहऱ्याच्या मागे चार फुटांवर असेल, तर दिव्यापासून पडदा सात फुटांवर पडला. पडद्याला चेहऱ्याच्या मानाने जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश मिळतो. मग तो करडा दिसणारच.

यावर दोन उपाय आहेत. पहिला बिनखर्चाचा : दिवा मागे नेऊन सहा फुटांवर ठेवा आणि स्टूल पडद्यापासून दीड फुटावर आणा. आता पडद्याला चेहऱ्याच्या जवळपास दोन-तृतीयांश प्रकाश मिळेल आणि उरलेली कसर संगणकावर भरून काढता येईल. दिवा थोडा उंच ठेवला की पडद्यावरची सावली खांद्यामागे खाली जाते. दुसरा उपाय म्हणजे पडद्यासाठी वेगळा छोटा फ्लॅश. दुसरा दिवा घ्यायचाच झाला तर तो याच कामासाठी घ्यावा, आणि तोही व्हिसाची कामे नियमित येऊ लागल्यावर.

चष्मा, काळा कपडा आणि जर

चष्म्यावर दिवा चमकत असेल तर दिवा आणखी वर न्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून काचा खाली झुकवायला सांगा. काळी शेरवानी किंवा काळा बुरखा आणि डोक्यावर पांढरी टोपी वा ओढणी असे एकत्र आले की कॅमेऱ्याचे आपोआप मोजमाप चुकते. अशा वेळी मोजमाप चेहऱ्यावरच घ्यावे आणि काळ्या कपड्याच्या बाजूला सनबोर्ड धरावा, म्हणजे घड्या दिसतात. मखमल प्रकाश गिळते, जर आणि दागिने तो परत फेकतात. दोन्हींना मोठा मऊ दिवाच मानवतो.

हाच एक दिवा आपल्या कारागीर बांधवांच्याही कामाचा आहे. जरदोजी किंवा लाकडावरचे कोरीवकाम दाखवायचे असेल तर दिवा अगदी बाजूने, तिरका लावावा, म्हणजे टाक्यांचा आणि खाचांचा उठाव दिसतो. अत्तराची बाटली किंवा पितळेचे भांडे असेल तर त्यात दिव्याचेच प्रतिबिंब उमटते. तेथे सॉफ्टबॉक्स शक्य तितका जवळ आणावा. शेजारच्या कारागिरांच्या मालाचे फोटो काढून देणे हा स्टुडिओचा जोडधंदा होऊ शकतो.

खरेदीचा हिशोब

बाजारभाव सतत बदलतात, म्हणून येथे किमती न देता वाटणी देत आहोत. उपकरणांसाठी १०० रुपये काढले असतील तर ढोबळमानाने ४५ दिव्याला, २० सॉफ्टबॉक्सला, १२ मजबूत स्टँड व वाळूच्या पिशवीला, ८ ट्रिगरला, ८ पडद्याला आणि ७ सनबोर्ड व रंगाला द्यावेत. स्टँडवर काटकसर करू नये. हलका स्टँड एखाद्या मुलाच्या अंगावर पडला तर नुकसान पैशात मोजता येणार नाही.

आता परतफेडीचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा २४,००० रुपये गुंतवले. एका गिऱ्हाइकाकडून १५० रुपये मिळतात, कागद, छपाई आणि वीज यांचे ५० वजा जाता १०० उरतात. म्हणजे भांडवल सुटायला २४० गिऱ्हाईके हवीत. रोज एक आले तर आठ महिने. तीन दिव्यांचा संच ६०,००० ला घेतला असता तर ६०० गिऱ्हाईके, म्हणजे रोज एक धरून वीस महिने, आणि वर हप्त्यांचा भार. जास्तीच्या दोन दिव्यांमुळे व्हिसाच्या फोटोचा दर वाढत नाही, हे ध्यानात घ्यावे.

दुकानात काय तपासावे?

मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार या मालासाठी प्रसिद्ध आहे. खरेदी कोठेही करा, पण स्वतःचा कॅमेरा बरोबर न्या. ट्रिगर आपल्या कॅमेऱ्याला चालतो का ते तेथेच पाहा. एकाच ताकदीवर वीस फोटो काढून सगळे सारखे उजळ व एकाच रंगाचे येतात का बघा. एखादा अंधारा निघाला तर दिवा नाकारा. पूर्ण ताकदीवर चमकल्यानंतर पुन्हा तयार व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. फ्लॅशची नळी गेल्यास बदलून मिळते का, ते विचारा. पक्के बिल घ्या, कारण वॉरंटी बिलावरच चालते.

दिव्याच्या तोंडाला बोवेन्स माउंट असावे. बोवेन्स ही इंग्लंडची कंपनी २०१७ साली बंद पडली, पण तिचे माउंट इतक्या कंपन्यांनी स्वीकारले आहे की त्यासाठीचे सॉफ्टबॉक्स आजही सहज मिळतात. उद्या दिवा बदलला तरी सॉफ्टबॉक्स वाया जात नाही.

जुना माल घेताना दोन गोष्टी सांभाळा. काही जुन्या फ्लॅशचे ट्रिगर व्होल्टेज शेकड्यांत असते. ते थेट डिजिटल कॅमेऱ्यावर लावले तर कॅमेरा जळू शकतो. दुसरे म्हणजे फ्लॅश बंद करून वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि तिचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. स्वतः उघडण्याचा खटाटोप करू नका. घरात तीन पिनांचे, खरे अर्थिंग असलेले सॉकेट हवे. जेथे वीज वारंवार जाते तेथे बॅटरीवर चालणारा फ्लॅश महाग असला तरी परवडतो, कारण दारात आलेले गिऱ्हाईक परत जात नाही.

घरच्यांना सामील करा

दिव्याची जागा, उंची आणि ताकद एकदा जुळली की स्टँड, स्टूल आणि कॅमेरा यांच्या जागा जमिनीवर रंगीत टेपने आखून ठेवा. कॅमेऱ्याची मापे कागदावर लिहून भिंतीला लावा. याचा फायदा असा की तुम्ही बाहेर असताना घरातली बहीण किंवा पत्नीही तसाच फोटो काढू शकेल. स्त्रीने फोटो काढावा अशी इच्छा असणाऱ्या कितीतरी महिला गिऱ्हाईक असतात. बाजारातल्या स्टुडिओत त्यांना संकोच वाटतो. घरगुती स्टुडिओची ही मोठी जमेची बाजू आहे आणि तिला एक पैसाही भांडवल लागत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत रोजची वही ठेवा : किती गिऱ्हाईके आली, कोणत्या कामासाठी आली, आणि कोणते काम दिव्याअभावी परत पाठवावे लागले. दुसरा दिवा केव्हा आणि कोणता घ्यायचा, हे ती वहीच सांगेल. तोपर्यंत भिंत पांढरी ठेवा, सॉफ्टबॉक्स जवळ ठेवा आणि कर्ज दूर ठेवा.